बॉयलर काढा, सूर्य बसवा: परळीच्या एका संचाचा हिशेब

बीएस्सीच्या पोरांना आता फील्ड प्रोजेक्ट करावा लागतो. बहुतेक गट विहिरीच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजतात, नाहीतर मातीचे नमुने पिशव्यांत भरून आणतात. आमच्या महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या एका गटानं मात्र भलताच विषय आणला: परळीच्या थर्मलमधला, म्हणजे कोळशावरच्या वीजकेंद्रातला, २५० मेगावॉटचा एक संच काढून त्या जागी अणुसंलयनाचा संच बसवला तर काय होईल? स्टाफरूममध्ये हसू झालं. मी मार्गदर्शक म्हणून सही केली, कारण प्रश्न नीट बांधला तर त्यात पुस्तकातलं भौतिकशास्त्र येतं आणि आपला मुलूखही येतो. अहवाल जमा झाला, तोंडी परीक्षाही झाली. त्या सगळ्या प्रकरणाचं हे टिपण.

पहिली अट मी घातली ती अशी की निबंध नको, हिशेब हवा. 'अमर्याद स्वच्छ ऊर्जा' हे शब्द अहवालात दिसले तर पान परत. संच एक, क्षमता २५० मेगावॉट, दिवस चोवीस तासांचा. आत काय जातं, बाहेर काय येतं, ते लिहायचं.

दुसरी गोष्ट पोरांनी आपणहून केली. गटातल्या एका मुलीचे काका थर्मलमधून ऑपरेशन विभागातून निवृत्त झालेले. त्यांना प्रोजेक्टमध्ये बसवून घेतलं. फ्यूजन, म्हणजे संलयन, हा शब्द त्यांनी टीव्हीवर ऐकलेला, पण वाफ, टर्बाइन आणि कंडेन्सर यांच्यात सगळी नोकरी गेलेली. प्रोजेक्टला खरं वळण त्यांच्यामुळे लागलं.

परळीच का

कल्पना वाटते तितकी वेडगळ नाही. ब्रिटननं २०२२ साली आपल्या पहिल्या प्रायोगिक संलयन वीजकेंद्रासाठी जागा निवडली ती वेस्ट बर्टन या कोळशावरच्या जुन्या वीजकेंद्राची. अमेरिकेत टेनेसी राज्यातलं बुल रन हे कोळसा केंद्र २०२३ मध्ये बंद झालं, आणि त्या जागेवरही एक खासगी कंपनी संलयन यंत्राची तयारी करते आहे. कारण सरळ आहे. जुन्या केंद्राकडे जमीन असते, रेल्वेचा फाटा असतो, उच्चदाबाच्या तारा असतात आणि रात्रपाळीची सवय असलेली माणसं असतात.

परळीकडे हे सगळं आहे. १९७१ साली इथं तीस मेगावॉटच्या छोट्या संचांपासून सुरुवात झाली, मग २१० मेगावॉटचे आले, आज २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. गिरवलीचं ४०० केव्ही उपकेंद्र जवळच आहे. म्हणजे वीज तयार झाली तर ती न्यायची कशी, हा प्रश्नच नाही.

परळीच्या खात्यावर आणखी एक नोंद आहे, आणि ती पोरांच्या लहानपणातली असल्यामुळे त्यांच्या घरोघरी ठाऊक आहे. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ च्या जुलैमध्ये अख्खं केंद्र बंद ठेवावं लागलं. कोळसा संपला म्हणून नव्हे. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी उरलं नव्हतं.

पोरांनी ही नोंद 'पार्श्वभूमी' या मथळ्याखाली दोन ओळींत उरकली होती. काकांनी पेन्सिलीनं त्या ओळींभोवती गोल काढला आणि म्हणाले, "हे मागं नका टाकू. हेच पुढं यायचंय."

आग कशाची

काकांना समजेल असं संलयन समजावून सांगा, हे काम गटातल्या दोघांना दिलं. पहिला प्रयत्न पाठ्यपुस्तकातला होता आणि पाचच मिनिटांत कोसळला. दुसऱ्या वेळी त्यांनी सूत्रं बाजूला ठेवली.

अणूचं केंद्रक धनभारित असतं. दोन केंद्रकं जवळ आणली की ती एकमेकांना ढकलतात. पण ती फारच जवळ, म्हणजे केंद्रकाच्या स्वतःच्या आकाराइतक्या अंतरावर आली, की वेगळंच बल जागं होतं आणि ती एकत्र जोडली जातात. हलकी केंद्रकं जोडून जे नवं केंद्रक होतं, त्याचं वजन आधीच्या बेरजेपेक्षा किंचित कमी भरतं. ही तूट ऊर्जा होऊन बाहेर पडते. हायड्रोजनची दोन जड भावंडं, ड्युटेरियम आणि ट्रिटियम, जोडली की हेलियम आणि एक न्यूट्रॉन मिळतो, आणि वस्तुमानात हजारी सुमारे चार भागांची तूट येते. हजारी चार हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण आईन्स्टाईनच्या समीकरणात त्याला प्रकाशवेगाच्या वर्गानं गुणायचं असतं.

कोळसा जळतो तेव्हा अणूंच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची फक्त देवघेव होते, केंद्रकाला धक्काही लागत नाही. वजनास वजन धरलं तर संलयनातून कोळशाच्या कोटीभर पट ऊर्जा का मिळते, याचं उत्तर एवढंच.

"म्हणजे सूर्यात जे चाललंय तेच," काका म्हणाले. पोरं हो म्हणणार होती, मी थांबवलं. सूर्याची नक्कल करून परळीला एक बल्बही धड लागणार नाही. सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे दीड कोटी अंश असतं, तो सेकंदाला साठ कोटी टनांच्या आसपास हायड्रोजन वापरतो, तरीही तिथल्या एका घनमीटरमध्ये निर्माण होणारी उष्णता तीनशे वॉटही भरत नाही. शेणखताचा उकिरडा आतून तापतो ना, साधारण त्याच मापाची. सूर्य प्रचंड आहे म्हणून एवढा तळपतो, नाहीतर त्याची आग फार मंद आहे. साधा हायड्रोजन साध्या हायड्रोजनला जोडायचा तर त्या एका प्रोटॉनला सरासरी अब्जावधी वर्षं वाट पाहावी लागते. आपल्याला तेवढा वेळ नाही आणि तेवढी जागाही नाही. म्हणून माणसानं सोपी जोडी निवडली, ड्युटेरियम-ट्रिटियमची, आणि तापमान सूर्यापेक्षा दहापट वर नेलं: सुमारे पंधरा कोटी अंश. फ्रान्सच्या दक्षिणेत उभं राहत असलेलं ईटर हे यंत्र ठरल्याप्रमाणे चाललं तर त्याच्या एका घनमीटरमधून सूर्याच्या गाभ्याच्या दोन हजार पट ऊर्जा निघेल.

काकांचा पुढचा प्रश्न कोणीही विचारील असाच होता: पंधरा कोटी अंशाला भांडं कुठलं टिकतं? उत्तर असं की भांड्याला ते शिवतच नाही. एवढ्या तापमानाला वायूतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, सगळं विद्युतभारित होतं, त्याला प्लाझ्मा म्हणतात. भारित कण चुंबकीय क्षेत्ररेषांभोवती फिरत राहतात. मोठ्या कडीच्या आकाराच्या निर्वात पोकळीत चुंबकांनी असा पिंजरा उभा केला की प्लाझ्मा मधोमध तरंगतो. या रचनेला टोकामॅक म्हणतात. प्लाझ्मा इतका विरळ असतो की आपल्या श्वासातली हवा त्याच्या अडीच लाख पट दाट भरेल. ईटरच्या साडेआठशे घनमीटर प्लाझ्मात एका वेळी इंधन असतं ते ग्रॅमभर. म्हणून स्फोटाची भीती नसते. काही बिघडलं की प्लाझ्मा थंड होतो आणि क्रिया थांबते. चालू ठेवणं हीच खरी कसरत आहे, बंद तर ते आपोआप पडतं.

तापमान, दाटी आणि उष्णता किती वेळ टिकते, या तिघांचा गुणाकार ठरावीक मर्यादेच्या वर गेला तरच यंत्र आपल्या आगीवर चालतं. तिन्हींपैकी एक साधलं की दुसरं निसटतं, सत्तर वर्षांचं संशोधन या एका वाक्यात बसतं. आणि त्या पंधरा कोटी अंशांपासून काही मीटरवर ईटरच्या चुंबकांची वेटोळी उणे २६९ अंशांना ठेवावी लागतात, कारण तेवढ्या थंडीतच ती रोधाशिवाय वीज वाहतात. काकांनी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली.

इंधनाचं पान

अहवालातलं सर्वांत देखणं पान हे झालं.

२५० मेगावॉटचा कोळशाचा संच पूर्ण भारानं दिवसभर चालला तर साठ लाख युनिट वीज देतो. युनिटला सातशे ग्रॅम कोळसा धरला तर रोजचे चार हजार टन, म्हणजे मालगाडीचा एक अख्खा रेक. आपल्याकडच्या कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राखच असते, म्हणजे रोजची तेराशे-चौदाशे टन राख. ती कुठं जाते, कोण उचलतं, तिच्यावरून परळीत काय काय होतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. गच्चीवर वाळत घातलेले कपडे झटकून घडी करायची सवय इथल्या बायकांना उगाच लागलेली नाही.

संलयनाचा संच तेवढीच वीज द्यायला दिवसाकाठी किती इंधन घेईल? उष्णतेचा तिसरा हिस्सा विजेत उतरतो असं धरून पोरांनी गणित केलं: ड्युटेरियम सुमारे ७५ ग्रॅम, ट्रिटियम सुमारे ११५ ग्रॅम. दोन्ही मिळून पाव किलोच्या आत. संचाला स्वतःचे चुंबक आणि तापवण्याची यंत्रणा चालवायला वीज लागेल, ती धरली तर आकडा वाढेल, पण किलोच्या घरात जाणार नाही. राख शून्य. उरेल तो हेलियम, फुग्यात भरतात तोच.

ड्युटेरियम येतो पाण्यातून. कुठल्याही हजार लिटर पाण्यात तो तीसेक ग्रॅम असतोच. म्हणजे रोजचं ड्युटेरियम अडीच हजार लिटर पाण्यात आहे. गटातल्या एकानं ताबडतोब मराठवाड्याच्या मापात उतरवलं: दहा हजार लिटरचा टँकर धरला तर पाव टँकर. शिवाय ड्युटेरियम काढून घेतलं तरी ते पाणी पाणीच राहतं, परत वापरता येतं.

इथं पोरं हरखली होती. ट्रिटियमच्या रकान्याशी आल्यावर जरा शांत झाली. ट्रिटियम निसर्गात जवळजवळ नाहीच. तो किरणोत्सारी आहे, १२.३ वर्षांत निम्मा उडून जातो, त्यामुळे साठवून ठेवायचीही सोय नाही. जगात नागरी वापरासाठी असलेला साठा पंचवीस-तीस किलोंच्या आसपास आहे, आणि तो मुख्यतः कॅनडातल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून निघालेला आहे. परळीचा आपला कागदावरचा एक संच वर्षाला चाळीस किलोंहून जास्त ट्रिटियम मागतो. म्हणजे जगाची तिजोरी आठ महिन्यांत रिकामी!

यावर तोड अशी की संचानं आपला ट्रिटियम आपणच पिकवायचा. संलयनातून सुटणारा न्यूट्रॉन लिथियमच्या अणूवर आदळला की ट्रिटियम आणि हेलियम मिळतो. म्हणून पोकळीच्या भिंतीला लिथियम असलेलं अस्तर लावायचं. एक ट्रिटियम जळला की एकच न्यूट्रॉन सुटतो, आणि त्यातले काही वाया जाणारच, म्हणून बेरिलियम किंवा शिसं घालून न्यूट्रॉनांची संख्या वाढवावी लागते. पहिल्या हंगामाला बी उसनं आणायचं, पुढं घरचं. कागदावर हे जमतं. वीजकेंद्राच्या मापावर अजून कोणी करून दाखवलेलं नाही. ईटरमध्येही अस्तराचे फक्त चाचणीपुरते तुकडे बसवायचे आहेत. माझ्या मते संलयनाची सगळ्यात अवघड गाठ प्लाझ्माची नाही, ती या अस्तराची आहे, आणि बातम्यांत तिच्याबद्दल सगळ्यात कमी येतं.

"शेवटी वाफच करायची ना?"

पुढची बैठक काकांनीच चालवली. त्यांनी विचारलं, "सर, सूर्य कितीबी तापवा, शेवटी पाण्याची वाफच करायची ना?"

होय. ड्युटेरियम-ट्रिटियमच्या ऊर्जेचा ऐंशी टक्के भाग न्यूट्रॉन घेऊन जातो. त्याला विद्युतभार नाही, म्हणून चुंबकाचा पिंजरा त्याला अडवत नाही. तो भिंतीच्या अस्तरात शिरतो, तिथं थांबतो आणि अस्तर तापवतो. अस्तरातून फिरणारं पाणी किंवा हेलियम वायू ती उष्णता बाहेर आणतो, तिची वाफ, वाफेवर टर्बाइन, टर्बाइनवर जनरेटर. म्हणजे थर्मलमधला फक्त बॉयलर बदलला. पुढचं सगळं काकांच्या ओळखीचं.

"मग वाफ किती अंशाची येती?"

या प्रश्नावर पोरांची तयारी नव्हती. परळीच्या टर्बाइनला चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलो दाबाची, ५४० अंशांच्या घरातली कोरडी वाफ लागते. संलयन संचाच्या अस्तरात पाणी फिरवायचं ठरवलं तर ते तीनशे अंशांच्या थोडं पुढं जातं. हेलियम फिरवला तर पाचशेच्या आसपास. आत पंधरा कोटी अंश, आणि टर्बाइनच्या दाराशी पोचेपर्यंत वाफ जुन्या बॉयलरपेक्षाही थंड! काका मनापासून हसले. "म्हणजे टर्बाइनपण नवं लागणार. ओली वाफ माझ्या टर्बाइनला चालायची नाही, ब्लेड खाऊन टाकती." जागा, तारा आणि माणसं कामाला येतील, यंत्रं येणार नाहीत, ही दुरुस्ती अहवालात तिथंच झाली.

पुढचा आक्षेप वेळेचा. टोकामॅकमधला प्लाझ्मा नेहमीच्या पद्धतीनं चालवला तर तो खेपाखेपांनी चालतो, अखंड नाही. ईटरचं उद्दिष्ट आहे ४०० सेकंद. २०२५ च्या सुरुवातीला चीनच्या ईस्ट यंत्रानं प्लाझ्मा हजार सेकंदांवर टिकवला, पाठोपाठ फ्रान्सच्या वेस्टनं १३३७ सेकंदांपर्यंत नेला. विज्ञानाच्या दृष्टीनं हे फार मोठं आहे. काकांच्या दृष्टीनं ही बावीस मिनिटं होती. थंड पडलेला संच पुन्हा लाइनवर घ्यायला तासन्तास लागतात, आणि दर गरम-थंडीला धातू थकतो. दर अर्ध्या तासानं ट्रिप होणारा, म्हणजे बंद पडणारा, संच ग्रिडवाले दारात उभा करणार नाहीत. त्यावर उष्णता मिठाच्या टाक्यांत साठवून वाफ सारखी ठेवण्याची कल्पना आहे, ती पोरांनी लिहिली.

शिवाय घरखर्च. कोळशाचा संच स्वतःच्या पंपांवर, पंख्यांवर आणि कोळसा दळणाऱ्या चक्क्यांवर (मिलवर) नऊ टक्क्यांच्या आसपास वीज खर्च करतो. ईटरला प्रयोगाच्या काळात ११० मेगावॉट आणि प्लाझ्मा पेटवताना तीसेक सेकंदांसाठी ६२० मेगावॉटपर्यंत वीज लागणार आहे. तिथं वीज तयार व्हायचीच नाही, ते निव्वळ प्रयोगाचं यंत्र आहे. पण यावरून वृत्तपत्रातले आकडे कसे वाचावेत ते पोरांना कळलं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत लेसरनं इंधनाच्या गोळीवर २.०५ मेगाज्यूल टाकले आणि ३.१५ बाहेर आले. पहिल्यांदाच टाकल्यापेक्षा जास्त निघालं, आणि ते ऐतिहासिकच होतं. फक्त ते लेसर पेटवायला भिंतीतल्या प्लगमधून तीनशे मेगाज्यूलच्या आसपास वीज घेतली होती. 'नफा झाला' असं कोणी म्हटलं की कुठल्या दारात मोजला हे आधी विचारायचं.

पाण्याचं पान

आता काकांनी गोल केलेल्या ओळी, पाण्यावाचून केंद्र बंद पडल्याच्या.

टर्बाइनमधून गेलेली वाफ पुन्हा पाणी व्हावी लागते. ते काम कंडेन्सर करतो, आणि कंडेन्सर थंड ठेवायला कूलिंग टॉवर. परळीच्या रस्त्यावरून टॉवरच्या डोक्यावर जो पांढरा ढग दिसतो तो धूर नसतो, ती गोदावरी असते, वाफ होऊन चाललेली.

२०१५ च्या केंद्रीय निकषांनी जुन्या औष्णिक केंद्रांना दर मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटर पाण्याची मर्यादा घातली आहे. पोरांनी तीनच धरले. साठ लाख युनिटला अठरा हजार घनमीटर, म्हणजे १ कोटी ८० लाख लिटर. रोज.

संलयनाचा संच असता तर यातलं राख वाहून नेण्याचं पाणी वाचलं असतं. पण दुसऱ्या बाजूला एक गोष्ट वाढते. कोळशाच्या संचात काही उष्णता चिमणीतून निघून जाते, तेवढा भार कंडेन्सरवर पडत नाही. संलयनाला चिमणीच नाही. आणि वाफ कमी तापमानाची, म्हणून विजेत उतरणारा वाटाही कमी. पोरांच्या हिशेबात कोळशाच्या संचाच्या कंडेन्सरवर साडेतीनशे मेगावॉट उष्णता पडते, संलयनाच्या कंडेन्सरवर पाचशे. राखेचं वाचलेलं पाणी इथं खर्ची पडतं. बेरीज पुन्हा तिथंच: रोज पावणेदोन ते दोन कोटी लिटर.

टँकरच्या मापात हे अठराशे टँकर. इंधनासाठी पाव टँकर, थंडाव्यासाठी अठराशे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या 'जलदूत'ची पन्नास वाघिणींची पूर्ण गाडी पंचवीस लाख लिटर आणायची. एका लातूरसाठी सगळा देश बघत होता. आपल्या संचाला तशा सात गाड्या रोज लागतील.

अहवालाचं मध्यवर्ती वाक्य इथून निघालं, आणि ते गटातल्या काकांच्या पुतणीनं लिहिलं: संलयन इंधनाचा प्रश्न सोडवतं, पण २०१३ आणि २०१५ मध्ये परळी बंद पडली ती पाण्यावाचून. माझ्या हातून एवढं नेमकं उतरलं नसतं.

मग ब्रिटन-अमेरिकेच्या उदाहरणांकडे पुन्हा बघितलं. वेस्ट बर्टन ट्रेंट नदीवर आहे. बुल रन क्लिंच नदीवरच्या जलाशयाच्या काठी. जुन्या कोळसा केंद्राची जागा म्हणजे तारांसह पाण्याचीही जागा, असं तिकडं गृहीत असतं. इथं जायकवाडीतून पाणी सुटेल की नाही यावर नाशिक-नगरपासून न्यायालयापर्यंत भांडण चालतं.

सांडपाण्याचा पर्याय तपासला. नागपूर महापालिकेचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिलं जातं, हे चालू उदाहरण आहे. परळीसारख्या लाखभर वस्तीच्या गावाला नळाला रोज पुरेसं पाणी आलं असतं तर कोटभर लिटर सांडपाणी निघालं असतं. पण नळच काही दिवसांआड येतो. जे घरात आलं नाही ते गटारात कुठून येणार?

राहिला कोरडा थंडावा: पाणी न वापरता पंख्यांनी हवेवर वाफ निववायची. पाणी ऐंशी टक्क्यांहून अधिक वाचतं. कागदावर हाच पर्याय टिकला. पण काकांनी मे महिना काढला. कंडेन्सरमधली पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, जितकी चांगली तितका टर्बाइन जास्त ओढतो, आणि बाहेर बेचाळीस अंश असले की पोकळी पडते. "दुपारी दोन वाजता व्हॅक्यूम खाली येतो आणि लोड आपोआप उतरतो. टॉवर असताना ही गत, तर नुसत्या पंख्यावर काय होईल?" दहा टक्के किंवा त्याहून जास्त वीज ऐन उन्हाळ्याच्या दुपारी कमी मिळेल, असं गटानं धरलं.

कधी

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हाच प्रश्न आधी विचारला. १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभांनी सांगितलं होतं की दोन दशकांत संलयनाची ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल. अंदाज चुकला, पण काम थांबलं नाही. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ पासून 'आदित्य' हा टोकामॅक चालतो आहे. भारत २००५ पासून ईटरमध्ये भागीदार आहे, आणि त्या यंत्राला बाहेरून वेढणारं क्रायोस्टॅट, म्हणजे सुमारे तीस मीटर उंच आणि तेवढंच रुंद असं ३८५० टनांचं पोलादी भांडं, गुजरातेतल्या हाजिऱ्यात घडलं. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार ईटरवर संशोधन सुरू व्हायला २०३४ उजाडेल, ट्रिटियम घालायला २०३९. खासगी कंपन्या त्याच्या आधीच्या तारखा देतात. त्या तारखांवर मी कर्ज काढणार नाही. मराठवाड्यात मोठं विज्ञान कसं येतं ते आपण औंढा नागनाथला पाहतोय: गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला तत्त्वतः मंजुरी २०१६ ची, मंत्रिमंडळाची पूर्ण मंजुरी २०२३ ची.

तोवर साठ लाख युनिट सौर पॅनेलमधून घ्यायचे तर तेराशे-चौदाशे मेगावॉटचे पॅनेल आणि पाच हजारांवर एकर जमीन लागते, हेही पोरांनी लिहून ठेवलं. पाणी लागतं ते काचा धुण्यापुरतं. रात्रीचं उत्तर मात्र पॅनेलकडे नाही.

परीक्षकांनी मग सरळ विचारलं, बसवायचा की नाही? गटाचं उत्तर असं होतं: कूलिंग टॉवरवर चालणारा संच परळीत नको. तो समुद्राकाठी बसवा आणि वीज तारांतून गिरवलीला आणा, तारा आहेतच. परळीतच हवा असेल तर कोरड्या थंडाव्याचा, आणि त्याचं वर्ष शेतीच्या वर्षाला जुळवून. मराठवाड्यात कृषिपंपांची मागणी रब्बीत चढते, तेव्हा हवा थंड असते आणि पंख्यांवरचा कंडेन्सर नीट चालतो. रात्रीची लाइट म्हणून थंडीत बॅटरी घेऊन बांधावर जाणाऱ्या माणसाला तेव्हा दिवसा सौर आणि बाकी वेळ हा संच, अशी वीज मिळू शकते. मे महिन्यात संच ओव्हरहॉलला काढायचा. न्यूट्रॉनच्या माऱ्यानं भिंतीचं अस्तर झिजतं, ते ठरावीक काळानं यंत्रमानवाकडून बदलावंच लागणार आहे. ते काम त्याच महिन्यात घ्यायचं.

परीक्षकांनी गुण दिले. काकांची एक हरकत मात्र अहवालात तशीच नोंदवली आहे, कारण गटाकडे तिच्यावर उत्तर नव्हतं: अस्तर यंत्रमानव बदलणार, कोळसा नाही, राख नाही, मिल नाही, तर मग थर्मलच्या गेटवर रोज सकाळी उभ्या राहणाऱ्या कंत्राटी पोरांना काम काय?